कमरूबीची इलोइलोवाली बहीण

फिलिपीन्स नावाचा एक देश आहे, हे मला कळलं तेव्हा माझी मूठ कमरूबीच्या हातात होती. ती माझा अंगठा आत वळवायची, बोटं एकमेकांवर दाबायची आणि काचेची बांगडी सांध्यावरून सरकवायची. पोरीला दुखू नये म्हणून या वेळात ती बोलत राहायची. पुढे शाळेत नकाशा पाहिला, पुस्तकं वाचली, पण त्या देशातली माणसं माझ्या मनात अजून तिच्याच बोलीत बोलतात.

कमरुन्निसा तिचं पूर्ण नाव. आर्णीची मन्यारीण. नवरा अन्सार बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायचा. तो कावीळ होऊन गेला, तेव्हा तिनं तीच पेटी डोक्यावर घेतली. आर्णीच्या बाजारात ती चटई टाकून बसायची आणि बाकीच्या दिवशी आसपासची खेडी धरायची. आमचं गाव आर्णीपासून दोन कोसांवर, अरुणावतीच्या काठाला. माझे वडील पुंडलिकराव कापूस आणि तूर करायचे. आमच्या घरापुढे कडुनिंबाची सावली होती, म्हणून कमरूबी आमच्याच छपरीत पेटी उतरवायची आणि गल्लीतल्या बाया तिथं जमायच्या. माझ्या आईचं नाव विमल. तिची आणि कमरूबीची वयं सारखी, म्हणून दोघी एकमेकींना नावानं हाक मारायच्या.

कमरूबीला एकच मुलगा, जलाल. तो मोटारीच्या दुरुस्तीत तरबेज होता. आर्णीत त्याच्या हाताला पुरेल एवढं काम नव्हतं, म्हणून तो मुंबईला गेला आणि तिथून एका मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत लागला. जहाजावरून त्याची पत्रं यायची. छप्पन्न साली आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराला ती पत्रं थांबली.

कमरूबी फिरायची थांबली नाही. पण बांगड्या भरताना ती गप्प असायची आणि हात हलकेच धरायची, त्यामुळे बांगड्या जास्त फुटायच्या.

सत्तावन्नच्या सुरुवातीला जहाजाच्या कंपनीकडून कळलं की जलाल इलोइलो नावाच्या बंदरात टायफॉईडनं आजारी पडला, त्याला तिथल्या दवाखान्यात उतरवलं आणि जहाज साखर भरून पुढे गेलं. इलोइलो कुठं आहे हे आर्णीत कुणाला ठाऊक नव्हतं. कमरूबी आमच्या गावच्या शाळेत पंजाबराव गुरुजींकडे गेली. गुरुजींनी भिंतीवरचा नकाशा खाली उतरवून जमिनीवर पसरला. हिंदुस्थानावरून बोट उजवीकडे नेत नेत ते निळ्या पाण्यात शिंपडलेल्या ठिपक्यांवर येऊन थांबले.

"हे पाहा, हे फिलिपीन्स. सगळी बेटंच आहेत. यातल्या एका बेटावर तुमचा जलाल आहे."

कमरूबी वाकून बघत राहिली. "येवढंसं हाय हे. पाण्यात वाहून नाई जात?"

"नकाशात लहान दिसतं. तिथं शेती आहे, गावं आहेत."

"मानसं हायत ना?"

"भरपूर आहेत."

"मंग कोनाची तरी माय असनच तिथं," ती म्हणाली आणि उठली.

त्यानंतर ती प्रत्येक घरी एकच मागणं मागू लागली. ज्या बाईचा जो देव असेल, तिनं त्याच्यापुढे जलालचं नाव घ्यावं. आमच्या आईनं देवघरात घेतलं. कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच्या, बायांनीही घेतलं. आर्णीच्या दर्ग्यात तर ती स्वतःच बसायची.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात, इकडे येणारं जहाज अखेर मिळालं तेव्हा, जलाल परतला. तो मोटारीतून उतरला तेव्हा कमरूबी बाजारातच बसली होती. माझी आई तिथं होती, म्हणून हा प्रसंग मला तिच्याकडून कळला. जलाल वाळला होता, काळवंडला होता. तो आईसमोर वाकला, तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला लावली.

कमरूबीला वाटलं, पोराला अजून ताप आहे. तिनं तोच हात उलटा करून त्याच्या कपाळावर ठेवला. "गरम नाई लागत," ती म्हणाली.

"ताप नाई अम्मी. तिकडे मोठ्यांच्या असंच पाया पडतात. मी वर्षभर रोज सकाळी असंच केलं."

"कोनाच्या?"

"नानायच्या."

नानाय म्हणजे तिकडच्या बोलीत आई. तिचं नाव कोन्सोलासिओन. दवाखान्याच्या फाटकाबाहेर बाकडं टाकून ती भात आणि मासळी विकायची. जलालला दवाखान्यातून सोडलं तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं. ओळखीचं कुणी नाही, भाषा येत नाही, परतीचं जहाज कधी मिळेल त्याचा पत्ता नाही. तो फाटकाशी बसून राहिला. नानायनं दुपारपर्यंत पाहिलं, मग बाकडं आवरलं आणि नवऱ्याला हाक मारून दोघांनी त्याला सायकलरिक्षात घालून घरी नेलं.

जलालनं हे सगळं कमरूबीला सांगितलं, आणि तिनं पुढची कित्येक वर्षं ते आम्हाला. ती आपल्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगायची. घर बांबूचं, तट्ट्याच्या भिंतीचं, वर ताडासारख्या झाडाच्या पानांचं छप्पर. जमिनीपासून पुरुषभर उंच खांबांवर उभं. खाली कोंबड्या हिंडतात आणि वर माणसं राहतात. चपला शिडीखाली काढायच्या. जमीनही बांबूच्या पट्ट्यांची, मधूनमधून फटी, म्हणजे झाडलेला कचरा सरळ खाली जातो आणि खालून वारा येतो.

"आन् पोरगं खाली पडलं म्हंजे?" आमच्या शेजारच्या बेबीताई विचारायच्या.

"फट बोटायेवढीच असते ना बाई. पोरगं कसं पडन?"

सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही वेळा भातच. ज्वारी तिथं कुणाला ठाऊक नाही. कुणी भेटलं की 'जेवलास का' असं आधी विचारतात. हे ऐकून आमच्या बाया खूश व्हायच्या, कारण आमच्याकडेही तेच विचारतात. कच्च्या पपईचं लोणचं घालतात आणि त्याला अचारा म्हणतात. कमरूबी सांगायची, "पाह्य, अचार तिकडेई पोचला, जलालच्या आधी."

आणि मग ती घर उचलण्याची गोष्ट सांगायची. कुणाला घराची जागा बदलायची असली की सगळी गल्ली जमते. खांबांना आडवे बांबू बांधतात, पुरुष खांदे लावतात आणि अख्खं घर, छपरासकट, उचलून शेतातून नव्या जागी नेऊन ठेवतात. मजुरी कुणी घेत नाही. ज्याचं घर, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं.

यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. "चुलीसकट नेतात काय?" माझ्या आईनं विचारलं.

"ते नाई विचारलं मी त्याले," कमरूबी म्हणाली. पुढच्या वेळी ती उत्तर घेऊन आली. चूल मातीच्या पेटीत असते, ती आधी काढून घेतात. जलालनं स्वतः एकदा खांदा लावला होता, तोवर त्याच्या अंगात ताकद आली होती. हे ऐकल्यावर बायांचा विश्वास बसला.

नानायच्या घरचे लोक ख्रिश्चन होते. त्या देशावर तीनशेहून जास्त वर्षं स्पेनचं राज्य होतं, म्हणून धर्मही तिकडून आलेला आणि नावंही तिकडचीच. मग अमेरिका आली, मग लढाईत जपान. नानायचा धाकटा भाऊ जपान्यांच्या हातून मारला गेला होता. त्याच्या फोटोपुढे रोज दिवा लागायचा. आपल्या एक वर्ष आधी त्यांना स्वातंत्र्य मिळालं. लढाई संपल्यावर अमेरिकेची फौज जीपगाड्या टाकून गेली, तिथल्या लोकांनी त्याच मागच्या बाजूनं लांब केल्या, बाकडी लावली, रंगरंगोटी केली आणि भाड्यानं चालवायला घेतल्या. नानायचा नवरा इसिद्रो अशीच एक गाडी चालवायचा. जलाल बरा झाल्यावर त्यानं आधी त्या गाडीचं इंजिन दुरुस्त केलं, मग गल्लीतल्या सगळ्याच गाड्यांचं. तिथल्या लोकांना तो आवडू लागला तो तेव्हापासून.

त्याआधी मात्र कुरबूर झाली होती. त्या देशाच्या दक्षिणेला मुसलमानांची बेटं आहेत. जुन्या काळी तिकडचे लोक होड्या घेऊन यायचे, किनाऱ्यावरची गावं लुटायचे, माणसं पकडून न्यायचे. त्यांच्यावर नजर ठेवायला बांधलेले दगडी बुरूज तिथं अजून उभे आहेत आणि त्या गोष्टी सांगून आया पोरांना झोपवतात. जलालनं डुकराचं मांस खायला नकार दिला तेव्हा शेजारच्या एका म्हातारीनं नानायला सांगितलं की तू घरात कुणाला आणून ठेवलंस ते बघ.

नानाय म्हणाली, "मी बघितलंय. कुणाचं तरी पोर आहे, आणि ताप उतरल्यावर भूक लागते."

दुसऱ्या दिवशी तिनं नवं मडकं आणलं. त्यात फक्त जलालचं शिजायचं, आलं घातलेली तांदळाची पेज आणि मासळी. त्या मडक्याला दुसऱ्या कशाचाही चमचा लागू द्यायचा नाही, असं तिनं घरात सगळ्यांना बजावलं. त्याला नमाजासाठी ताडाच्या पातीची विणलेली चटई दिली. तोंड कुठल्या दिशेला हवं, हे तिनंच विचारलं आणि त्या भिंतीजवळचा कपड्यांचा पेटारा हलवला.

कमरूबी इथवर आली की थांबायची. बांगडी अर्धी चढलेली असायची आणि बाईचा हात तिच्या हातात तसाच असायचा.

पण सगळ्यात जास्त वेळा तिनं सांगितलेली गोष्ट वेगळीच आहे. नानायच्या घरी नेल्यावर जलालचा ताप उलटला. दोन-तीन दिवस त्याला शुद्ध नव्हती. जाग आली तेव्हा छताची पानं दिसली आणि कानावर बाईचा आवाज पडला. सगळं बोलणं परकं होतं. त्यात एक शब्द ओळखीचा होता. ती पुन्हा पुन्हा 'सलामत' म्हणत होती.

जलालला वाटलं, ही आपल्याला सांगते आहे की तू सुखरूप आहेस. तो रडायला लागला आणि त्यानंही म्हटलं, "सलामत." ते ऐकून ती बाईही रडायला लागली.

बऱ्याच दिवसांनी त्याला कळलं की त्या मुलखात सलामत म्हणजे आभार. ती देवाचे आभार मानत होती. मग जलालनं आपल्याकडचा त्या शब्दाचा अर्थ तिला सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "मग दोन्ही एकच झालं."

"मी विचार केला," कमरूबी सांगायची, "शब्द आपलाच असन. कोन्या जमान्यात होडीत बसून तिकडे गेला असन. इकडे पोरगं वाचलं तं सलामत, तिकडे पोरगं वाचलं तं सलामत."

जलाल परतल्यावर तिच्या डोक्यात एकच विचार होता, की त्या बाईला आपल्याकडून काहीतरी गेलं पाहिजे. तिच्याजवळ बांगड्याच होत्या, म्हणून बांगड्याच पाठवायच्या. पण हाताचं माप? नानायचं मनगट केवढं आहे, हे जलालला सांगता येईना. मध्यम आहे, एवढंच तो म्हणायचा.

"मध्यम म्हंजे काय? वर्षभर तिचा हात कपायाले लावला ना तू?"

एक दिवस ती त्याला घेऊनच आमच्या छपरीत आली. बाया जमल्या होत्या. तिनं त्याला बाहेर निंबाखाली बसवलं आणि बायांना हात पुढे करायला सांगितलं. तरणाताठा पोरगा लाजून जमिनीकडेच बघत होता. कमरूबी मात्र वैद्यासारखी गंभीर होती.

"वर पाह्य. बेबीताईसारखा?"

"नाई. याहून बारीक."

"हा?"

"नाई अम्मी."

माझी आई आतून पिठाच्या हातानं आली. काय चाललं आहे ते बघायला ती उंबऱ्यात उभी राहिली, एक हात चौकटीवर. जलालनं त्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "असा. असाच. फक्त बोटांचे सांधे जरा मोठे, ती भात कांडायची म्हणून."

आईला हात धुऊन कमरूबीसमोर बसावं लागलं. माप घेतलं आणि सांध्यांसाठी एक माप वाढवून धरलं. इसिद्रो हयात होता, म्हणून बांगड्या हिरव्या. कमरूबीनं आपल्या पेटीतल्या सगळ्यात चांगल्या निवडल्या, दाणेदार, एकसारख्या रंगाच्या.

काच समुद्रापार कशी जाणार, हा पुढचा प्रश्न. टपालातल्या बाबूनं सांगितलं, फुटेल, आम्ही जबाबदार नाही. तेव्हा आई म्हणाली, "कापसात ठेव." आमच्या घरात वेचणीचा कापूस होता. आईनं ओंजळभर दिला. ते बघून बेबीताईंनी आपल्या घरचा आणला. मग गल्लीतली प्रत्येक बाई आपल्या शेतातला थोडा थोडा घेऊन आली आणि वनस्पती तुपाचा रिकामा डबा गच्च भरला. कापूस सरकीसकट होता. एकेक बांगडी त्यात गुंडाळून कमरूबीनं थर लावले, झाकणाला डाग मारून घेतला, वरून कापड शिवलं. इंग्रजीत पत्ता पंजाबराव गुरुजींनी लिहिला. डबा टपालात देताना कमरूबीनं त्यावर हात ठेवला आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं. टपालातले बाबू तेवढा वेळ थांबले.

एक पावसाळा गेला. कापूस पुन्हा वेचणीला आला. कमरूबी प्रत्येक फेरीत सांगायची, "अजून नाई आलं." कुणी म्हणालं, डबा समुद्रात गेला असेल. ती म्हणायची, "मंग मासोळ्या घालतीन."

एकोणसाठ सालाच्या शेवटी पार्सल आलं. सोबत नानायची मुलगी लुर्देस हिचं पत्र होतं. ती तिथं शाळेत शिकवायची. पंजाबराव गुरुजी इंग्रजी वाचून मराठीत सांगत होते आणि आमची छपरी माणसांनी भरली होती. या वेळी पुरुषही आले होते.

निम्म्या बांगड्या फुटल्या होत्या. उरलेल्या नानायच्या हातात बरोब्बर बसल्या, माप कसं कळलं म्हणून सगळे चकित आहेत, असं लुर्देसनं लिहिलं होतं. नानाय त्या रविवारी चर्चला घालून गेली. प्रार्थनेच्या वेळी हात जोडले की त्या वाजायच्या आणि पुढच्या बाकावरच्या बाया मागे वळून बघायच्या. फुटलेल्यांचे तुकडे तिनं टाकले नाहीत. काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवले. सकाळी ऊन आलं की तट्ट्याच्या भिंतीवर हिरवा उजेड पडतो. आणि कापसातल्या सरक्या इसिद्रोनं शिडीजवळ लावल्या, त्यातल्या दोन उगवल्या आहेत.

"कोन्या वावरातल्या असतीन?" माझे वडील म्हणाले. त्यावर गल्लीतल्या चार घरांत बरीच चर्चा झाली.

पत्राच्या शेवटी लुर्देसनं लिहिलं होतं की तुम्ही परतफेड करायची गरज नव्हती. त्यांच्याकडे उपकाराला जे नाव आहे त्याचा अर्थ आतलं देणं असा होतो. ते फेडून संपवायचं नसतं, त्यानं दोन घरं बांधलेली राहतात. म्हणून नानायनंही काही पाठवलं आहे.

कमरूबीनं कापडाची घडी उलगडली. फिकट सायीच्या रंगाचं, इतकं झिरझिरीत की खालचा तिचा हात दिसत होता, पण हाताला कडक लागणारं. त्यावर त्याच रंगाच्या धाग्यानं बारीक फुलं काढलेली. जलालनं सांगितलं की हे अननसाच्या पानांचं आहे. ओली पानं फुटक्या बशीच्या तुकड्यानं खरवडतात, केसासारखे धागे काढतात, एकाला एक गाठ मारत लांब करतात आणि मागावर विणतात. एवढ्या कापडाला महिने लागतात.

माझे वडील जन्मभर कापूस पिकवत आले होते. व्यापाऱ्यानं रुई बघावी तसं त्यांनी कापडाचं टोक दोन बोटांत धरून चोळलं. "पानाचं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"पानाचं, काका."

"बाप्पा," ते म्हणाले आणि कापड दोन्ही हातांनी परत दिलं.

ते कापड कमरूबीनं वर्षभर कुठं शिवायला टाकलं नाही. साठ साली जलालचं लग्न बोरी अरबच्या मलिकाशी ठरलं, तेव्हा त्याची ओढणी केली. मलिका रंगानं सावळी होती, त्यावर तो फिका रंग फार शोभला. बाया लग्नाला गेल्या त्या अर्ध्या तर ओढणी बघायलाच. ती ओढणी घेतलेल्या मलिकाचा फोटो यवतमाळहून काढून आणवला आणि इलोइलोला पाठवला. फोटोच्या मागच्या बाजूला गुरुजींकडून लिहून घेतलं की ही तुमची सून.

पुढची काही वर्षं पत्रं येत-जात राहिली. जलालनं आर्णीत रस्त्याला लागून मोटार दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याला दोन मुलं झाली. डिसेंबर आला की तो बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद घेऊन पाच टोकांची चांदणी बनवायचा आणि आत दिवा लावून दुकानापुढे टांगायचा. तिकडे नाताळात प्रत्येक खिडकीत अशी चांदणी लागते आणि नाताळाआधी नऊ दिवस लोक पहाटेच्या अंधारात चर्चला जातात. नानायच्या घरची चांदणी त्यानंच बनवली होती. मोहल्ल्यात एकदोघांनी हे कायले म्हणून विचारलं. जलाल म्हणाला, "ज्या घरात माझा जीव वाचला त्या घरची आठवण हाय." नंतर कुणी विचारलं नाही. पोरं मात्र त्या चांदणीची वाट बघायची.

चौसष्टच्या हिवाळ्यात लुर्देसचं पत्र आलं की नानाय गेली. छातीत दुखलं आणि दुपारीच संपलं. हिरव्या बांगड्या तिच्या हातातच ठेवल्या होत्या. नऊ दिवस घरात प्रार्थना झाल्या आणि चाळिसाव्या दिवशी, त्यांच्या रीतीप्रमाणे, सगळ्या गल्लीला जेवण दिलं.

कमरूबी त्या आठवड्यात फिरली नाही. मग ती आमच्याकडे आली, पेटी न घेता. आईजवळ बसली.

"विमल, त्याइच्यातई चालीसवा असते. आपल्यासारकाच. मले कळालं तवा त्याइचा होऊनई गेला. पन माये दिवस मले कळालं तवापासून. मले तिचं जेवन करायचं हाय."

"मौलवीसाहेब काय म्हणतात?"

"त्याइले विचारून आलो. म्हने, भुकेल्याले जेवू घाल, तिचं भलं माग, तुले कोन आडवते. पन मले तुमी साऱ्या पाह्यजे. जिनं जिनं कापूस देल्ला ते सारी. आन् तुमी माह्या घरचं खात नाई, ते मले मालूम हाय."

हे तिनं रागानं म्हटलं नाही. त्या काळात तसंच होतं. आमच्या घरची माणसं तिच्या घरचं शिजलेलं खात नव्हती. ती आमच्याकडे यायची तेव्हा तिचा चहा वेगळ्या कपात दिला जायचा आणि तो कप ती स्वतः धुऊन वळचणीला ठेवायची. इतक्या वर्षांत त्यावर दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आईनं वळचणीच्या कपाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तांदूळ तुझे, तुरीची डाळ माझी. चूल आपल्या निंबाखाली मांडू. दोघी मिळून रांधू."

ठरलेल्या दिवशी निंबाखाली तीन दगडांच्या दोन चुली पेटल्या. कमरूबी आणि मलिकानं भात उतरवला, आईनं वरण केलं. सगळं ज्वारी खाणारं गाव, पण नानायचं जेवण म्हणून त्या दिवशी भाकरी नव्हती. कापूस दिलेल्या साऱ्या बाया आल्या. कोलाम पोडावरच्या आल्या, मोहल्ल्यातल्या आल्या. पंजाबराव गुरुजी आले. बसायच्या वेळी जरा घुटमळ झाली. कोण कुठं बसणार, कोण कुणाच्या हातचं घेणार, हे कुणाला कळेना. दोन-तीन बाया पदर सावरत उभ्याच राहिल्या. त्यातल्या एक बेबीताई होत्या.

आई वाढत होती. तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं, एक पत्रावळ घेतली आणि कमरूबीच्या शेजारी जमिनीवर बसली. "मले वाढ," ती म्हणाली.

कमरूबीनं आपल्या हातानं भात वाढला. आईनं वरण ओतून घेतलं, कालवलं आणि पहिला घास खाल्ला. वडील गोठ्याजवळ उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं तेही येऊन पुरुषांच्या ओळीत बसले. बेबीताईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्याजवळ बसल्या.

जेवणं झाल्यावर कमरूबीनं सगळ्यांसमोर दोन्ही हात वर केले आणि दुआ मागितली. कोन्सोलासिओन हे नाव तिला नीट म्हणता यायचं नाही, ती कन्सोलाबी म्हणायची. तिनं कन्सोलाबीसाठी जागा मागितली, इसिद्रोसाठी उमर मागितली, लुर्देससाठी चांगलं घर मागितलं आणि जमलेल्या साऱ्यांसाठी बरकत मागितली. आम्ही हिंदू बायापोरी हात जोडून उभ्या होतो आणि मोहल्ल्यातल्या बायांनी आमीन म्हटलं की आम्हीही म्हणत होतो.

पुढच्या खेपेला कमरूबी आली तेव्हा आईनं तिला घरातल्या कपातून चहा दिला. ती धुवायला उठली, तर आई म्हणाली, "राहू दे, बेबी धुवीन." बेबी म्हणजे मी. शेजारच्या बेबीताई थोरल्या, मी धाकटी. मी तो कप इतर कपांबरोबर धुतला आणि फळीवर मांडला.

सहासष्ट साली माझं लग्न झालं आणि मी वणीजवळ राजूरला गेले. नवरा तिथं कोळशाच्या खाणीत कारकून. खाणीच्या चाळीत तेलंगणातले, बिहारातले, छत्तीसगडचे लोक होते. कुणाची भाषा कुणाला नीट कळत नव्हती. पहिल्या दिवशी शेजारच्या तेलुगू बाईनं भिंतीवरून मला काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण ती हाताचा घास करून तोंडाकडे नेत होती. मी मान हलवली, नाही अजून. ती भात आणि आंबट पाण्याचं काहीतरी घेऊन आली. मी तिच्याच उंबऱ्यात बसून जेवले. जात, गोत, चूल, काही विचारावंसं वाटलं नाही. आमच्या छपरीत वाढलेल्या पोरीला ते अवघड गेलं नाही, याबद्दल मी कमरूबीची, माझ्या आईची आणि कधीही न पाहिलेल्या एका बाईची ऋणी आहे.